फुईची गिरणी आणि भुताची तबकडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या फुईचे. फुई म्हणजे वडिलांची बहीण. इतरत्र आत्या म्हणतात, आम्ही खानदेशात फुई म्हणतो. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेलच.

आमचं गाव नरडाणा स्टेशनापासून थोडं आत, तापीच्या अलीकडे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत फुईचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. मूलबाळ नव्हतं. आजोबांनी तिला पिठाची गिरणी टाकून दिली. गिरणी चालवणारी बाई तेव्हा आसपासच्या गावांत दुसरी नव्हती. पट्टा चढवणं, जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावणं, इंजिनाचं हँडल फिरवणं, सगळं ती एकटी करायची.

मी दहावी पास झालो तेव्हा वडिलांचं ठरलेलं होतं की मी आता गिरणीवर बसायचं. त्यात त्यांचा स्वार्थ नव्हता. बहिणीची काळजी होती. फुई चाळणी झटकत होती, तिथेच ते म्हणाले, "अक्का, एवढा मोठा भतिजा ऱ्हाईसन तू एकली पोतं उचलशी, लोके काय म्हनतीन?"

"लोके म्हनतसच," फुई म्हणाली. "त्येसले दुसरं काम काय शे? पोतं मी उचलसू. याले जळगावले धाड."

वडील दोन-तीन दिवस घुश्शात होते. पण अक्काचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. फुईने एक दिवस गिरणी बंद ठेवली, मला घेऊन नरडाण्याला गाडीत बसली आणि जळगावला वसतिगृहात सोडून आली. जाताना एवढंच म्हणाली, "भूक लागनी तं लाजू नको." तिला मदतीला माणूस खरंच हवा होता, हे मला फार पुढे समजलं. तिची पाठ तेव्हाच दुखायला लागली होती.

गिरणीबद्दल थोडं सांगायला हवं. आमचं इंजिन डिझेलचं. त्याच्या धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची एक टोपी बसवलेली असते. धुराच्या प्रत्येक फुंकरीला ती वाजते आणि पुक, पुक, पुक असा आवाज पार शिवारापर्यंत जातो. टोपी मुद्दाम बसवतात. गिरणी सुरू झाली, दळणं घेऊन या, हे गावाला कळवायची ती पद्धत. पुढे फुईने विजेची मोटरही बसवली, पण मोटर मुकी. मोटरवर दळण सुरू असलं की बायकांचे फोन येतात, "फुई, चालू शे का?" म्हणून लाईट असली तरी ती सकाळी थोडा वेळ इंजिनच चालवते.

सगळं गाव तिला फुईच म्हणतं. म्हातारेसुद्धा.

लहानपणी एक गोष्ट मला उमगत नव्हती. गावाची रोजची दळणं फुईकडे यायची, पण कानबाईच्या रोटांचं दळण मात्र बऱ्याच घरांतून सायकलला बांधून शेजारच्या गावी जायचं. कानबाई ही आमच्या खानदेशची देवी. श्रावणातल्या एका रविवारी ती घरात बसते आणि सोमवारी गाजतवाजत नदीवर जाते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे आणि त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. हे दळण सोवळ्यातलं. आदल्या दिवशी गिरणी धुऊन पुसून काढतात. त्या दिवशी तिच्यात दुसरं धान्य पडत नाही.

मी वर्गातल्या एका मित्राला विचारलं, तुमचे गहू एवढ्या लांब का नेता? तो म्हणाला, "आई सांगस, तुन्ही फुईना हात चांगला नई." मला वाटलं तिच्या हाताला काही लागलं असेल. घरी येऊन मी तिचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले. पीठ होतं, बाकी काही नव्हतं. "काय देखस?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने हात ओढून घेतला आणि पुन्हा पोत्याचं तोंड बांधायला लागली.

मोठा झाल्यावर कळलं. नवरा गेलेली, मूल नसलेली, एकटी राहणारी बाई. कुणाची म्हैस आटली, कुणाचं लेकरू तापलं, की चार नजरा तिच्या दाराकडे वळायच्या. तोंडावर कुणी कधी काही बोललं नाही. डाकीण हा शब्द मी तिच्याबद्दल एकदाच ऐकला. विहिरीपाशी दोन बायका हळू आवाजात बोलत होत्या. मला पाहून त्या पावसापाण्याचं बोलू लागल्या.

पुढे हे बदललं. शेजारच्या गावची गिरणी बंद पडली आणि दळण नरडाण्यापर्यंत न्यावं लागू लागलं, हे एक कारण. दुसरं असं की शिकलेल्या सुना आल्या आणि गल्लीत गिरणी असताना नरडाण्याला कशाला जायचं म्हणून त्यांनी सासवांना विचारलं. आधी एक घर आलं, मग त्याच्या शेजारचं. गेली काही वर्षं जवळजवळ सगळ्या गावाचे रोट फुईकडेच दळले जातात. ती याबद्दल चकार शब्द काढत नाही. पण श्रावण लागला की गिरणीला आतून-बाहेरून चुना मारते. स्वतः ती यातला एक घासही खात नाही, कारण रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, लग्न होऊन गेलेल्या लेकीला माहेरचे रोट चालत नाहीत, आणि सासरहून तिला कानबाईला कधी कुणी बोलावलं नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पदवीचा कागद फुईने हातात घेतला, पुढून पाहिला, मग उलटून मागूनही पाहिला. मागे काहीच लिहिलेलं नसतं, याचं तिला जरा वाईट वाटलं.

आता जळगावात एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत माझा लहानसा स्टुडिओ आहे. पोट अहिराणी गाण्यांवर चालतं. लग्नसराईत वरातीत वाजणारी गाणी, निवडणुकीच्या जाहिराती, एखाद्या शाळेचं स्वागतगीत. काम नसलं की दुपारी पंखा बंद करून मी सिंथेसायझरवर माझं स्वतःचं काहीतरी करत बसतो. त्यातच एका उन्हाळ्यात मी फुईच्या इंजिनाचे आवाज भरपूर रेकॉर्ड केले होते. सुरू होतानाचा, भर घेतानाचा, पट्टा घसरतानाचा, बंद होताना शेवटच्या दोन-चार फुंकरींचा. त्यांचा एक तुकडा करून मी इंटरनेटवर टाकला. थोड्या लोकांनी ऐकला आणि ते विसरले.

विसरले नाहीत ते बंगळूरचे दोघे. त्यांची छोटी कंपनी आहे, म्हणजे ते दोघेच. जुन्या मूकपटांना नवं इलेक्ट्रॉनिक संगीत लावून घेतात आणि त्या संगीताच्या तबकड्या काढतात. खऱ्या, काळ्या, सुईवर वाजणाऱ्या. अशा तबकड्या हौसेने विकत घेणारे लोक आता पुन्हा तयार झाले आहेत. त्यांनी मला परदेशातला एक जुना भयपट पाठवला. "तुमची ती धडधड आम्हाला याच्याखाली हवी आहे," असं त्यांनी सांगितलं.

चित्रपटातली बाई गावाबाहेर एकटी राहते. गावात गुरं मरतात, मुलं आजारी पडतात आणि लोक तिच्या दाराकडे पाहू लागतात. ती खरंच चेटकीण आहे की नाही, हे बराच वेळ कळत नाही. शेवटी मात्र दिग्दर्शकाने तिला पांढरे डोळे देऊन प्रश्न मिटवून टाकला आहे. मी तो पहिल्यांदा पाहिला आणि नाही म्हणणार होतो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं की मूकपटात कुणाला घाबरायचं हे पुष्कळसं आवाजाच्या हातात असतं. दारात बाई उभी आहे, समोरून माणसं कंदील घेऊन येत आहेत. चित्र एकच. धडधड बाईच्या चेहऱ्याखाली ठेवली तर प्रेक्षक तिला भितो. तीच माणसांच्या पावलांखाली ठेवली तर प्रेक्षक बाईच्या जागी उभा राहतो आणि त्या माणसांना भितो.

मी ती माणसांच्या पावलांखाली ठेवली. पुक-पुक इतकं हळू केलं की दोन फुंकरींच्या मधे ऐकणाऱ्याने श्वास धरावा. बाईच्या वाट्याला मी जवळजवळ काहीच आवाज दिला नाही. फक्त जात्यातून पीठ पडताना येते तशी एक बारीक, सलग सरसर. बंगळूरच्या दोघांना भीती होती की यात भयपटाची मजा जाईल. ऐकल्यावर ते म्हणाले, उलट जास्त भीती वाटते.

याच सुमारास फुई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जळगावला माझ्याकडे राहिली होती. पट्टी निघाल्यावर एका दुपारी मी तिला तो चित्रपट संगणकावर दाखवला. भुताचे पिक्चर तिला मनापासून आवडतात. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा ती पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसायची.

"बोलतस नई का ह्या लोके?" तिने विचारलं.

"मुका पिक्चर आहे फुई. आवाज मी लावलाय."

"हाई तं आपलं इंजिन शे!" ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली. "पट्टा ढिला शे याना. आयकस ना? ढिला शे."

मग ती गंभीरपणे पाहू लागली. बाईच्या घराभोवती कुंपण नाही, हे तिला पटलं नाही. "बाई अडानी शे. एकली ऱ्हास तं कुत्रं पाळानं. लोके येतस तं कुत्रं भुकस, तेवढामा आपन कडी लावी लेतस." थोड्या वेळाने कंदील घेतलेली माणसं दिसायला लागली. तिने मान पुढे केली.

"शेवटले मरस का ती?"

"मरते."

"मंग बंद कर. च्या ठेव."

मी चहा ठेवला.

तबकडीच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला मला काही लिहायचं असेल तर लिहा, असं कंपनीने कळवलं. मला क्षणभरही प्रश्न पडला नाही. मी लिहून पाठवलं: "फुईला. तिच्या गिरणीवर मी ऐकायला शिकलो." नाव घातलं नाही. वाटलं, नाव नाही म्हणजे झालं. जळगावात, पुण्यात, बंगळुरात फुई म्हणजे कोण हे कुणाला कळणार? आमच्या गावात मात्र फुई म्हटलं की एकच माणूस, आणि गिरणी म्हटली की एकच गिरणी. हे मला सुचलं नाही. आभार मानायला परवानगी लागते, हेही सुचलं नाही.

तबकडीचं खोकं आलं त्या दिवशी मी ते कात्रीने न कापता नखांनी उघडलं. वेष्टनावर चित्रपटातली ती बाई होती. मोकळे केस, अंधारं दार, पांढरे डोळे. चित्रकाराने काम फार चांगलं केलं होतं. पाहताना अंगावर काटा यायचा. मी उलटून मागची ओळ वाचली. आमच्या अख्ख्या खानदानात कुणाचं काही असं छापून आलेलं नव्हतं. मी दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि चुलतभावाला पाठवले.

चुलतभाऊ मनाचा मोठा. त्याने अभिमानाने ते दोन्ही फोटो गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकले. वर लिहिलं, "आपल्या गावचा पोरगा, आपल्या फुईची गिरणी, भुताचा पिक्चर!"

आधी अभिनंदनं आली. मग कुणी हसण्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, "फुई या फोटोत ओळखू येत नाही." चुलतभावाने समजावलं, "फुईवर नाही रे, फुईच्या गिरणीवर आहे." त्यावर आणखी हसणं. आणि मग एका बाईने, ती आता सुरतेला असते, एवढंच लिहिलं: "आम्ही तर लहानपणापासूनच ऐकत होतो." त्याच्याखाली कुणीच काही लिहिलं नाही.

कानबाई त्याच आठवड्यातल्या रविवारी बसायची होती.

संध्याकाळी फुईचा फोन आला. ती फोन कानाला लावत नाही, समोर धरून मोठ्याने बोलते.

"काय रे पोऱ्या, माले भूत करी टाकं म्हने तू?"

ती हसत होती. मी समजावू लागलो की ओळ कुठे आहे, चित्र कुणाचं आहे, दोन्हींचा संबंध नाही. तिने मधेच थांबवलं. "शनिवारले रोटनं दळन शे," ती म्हणाली. मग तिने फोन बंद केला. हसण्यापेक्षा हे वाक्य तिला मला ऐकवायचं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

शुक्रवारी मी गाडीने नरडाण्याला उतरलो. घरी जाण्याआधी गिरणीवर गेलो. चुना मारून झाला होता. फुई आणि माझी आई मिळून जात्याची पेटी धूत होत्या. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "ये. उना शहाणा." त्यानंतर तिने मला बादल्या भरायला लावल्या.

मी फुईला म्हणालो, घरोघर जाऊन सांगतो. चित्रातली बाई कोण, पिक्चर कुठला, सगळं नीट समजावून सांगतो. शिकलेला माणूस आहे, माझं ऐकतील.

"दारे दार फिरशी तं लोके म्हनतीन, खरंच काही व्हतं," फुई म्हणाली. "गुपचूप बस."

शनिवारी सकाळी तिने अंघोळ करून, ओल्या केसांवर पदर घेऊन इंजिनाला हळद-कुंकू लावलं आणि हँडल फिरवलं. लाईट होती, तरी इंजिनच. पुक, पुक, पुक. तो आवाज मी महिनोन् महिने कानांना हेडफोन लावून ऐकला होता, हळू करून, उलटा करून, तुकडे करून. त्या सकाळी पहिल्यांदा तो मला विचारल्यासारखा वाटला. येताय ना? येताय ना?

पहिलं दळण आमच्याच घरचं. आईने पितळी डब्यात आणलेले गहू फुईने दळून दिले. ते झाल्यावर इंजिन रिकामंच चालत राहिलं. रस्त्यावरून माणसं जात होती. एक-दोघींनी आत पाहिलं आणि पुढे गेल्या. आई उंबऱ्यावर बसून वाती वळत होती. दर वर्षी एवढ्या वेळात दारात डब्यांची रांग लागलेली असायची, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"डिझेल जळस," मी म्हणालो. "जरा बंद करूया का?"

फुईने माझ्याकडे असं पाहिलं की मी बादली उचलून पाणी आणायला गेलो.

ऊन चांगलं वर आल्यावर खालच्या गल्लीतली एक सून आली. धुळ्याकडची मुलगी, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. एका हातात गव्हाचा डबा, दुसऱ्या हातात मोबाईल. मागे तिची सासू, जरा अंतर ठेवून.

"फुई, आमच्या घरचे सात," तिने डबा दिला. मग मला म्हणाली, "दादा, तुमची ती तबकडी मोबाईलवर पण आहे. मी ऐकली. मला तर काहीच भीती नाही वाटली."

"नाही वाटली?"

"नाही. मला वाटलं, आता दळण न्यायला उशीर झाला." तिने तिथेच मोबाईलवर तो तुकडा लावला. खऱ्या इंजिनाच्या आवाजात मोबाईलमधलं हळू, जड पुक-पुक मिसळलं. सासू दोन पावलं पुढे आली आणि कान देऊन ऐकू लागली.

"रोटनं दळन चालू शे," फुई जात्याकडून ओरडली, "तुन्हं भूत बंद कर!"

सून दचकली, मग हसली. सासूही हसली. ती फुईला म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना फुई, आपलंच शे ते." फुई म्हणाली, "आपलं शे तं कानबाई नदीवर गई का मंग वाजाडा." सासू आत येऊन आईशेजारी टेकली. बोलता बोलता तिने रस्त्यावरून जाणाऱ्या एकीला हाक मारली. ती डबा आणायला घरी पळाली.

मग आल्या. एकदम नाही, तुरळक, पण आल्या. एकीने फुईसमोरच मला म्हटलं, "दादा, पुढला पिक्चरमा माले ले." दुसरी म्हणाली, "तुले मेकअप नई लागाव." फुई पीठ हाताने चाचपून बघत होती, बारीक झालं की नाही ते. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

दोन घरं मात्र आली नाहीत. त्यांतलं एक आमच्या भाऊबंदकीतलंच. त्यांचा मुलगा दुपारी मोटारसायकलवर डबा बांधून नरडाण्याच्या रस्त्याने जाताना दिसला. फुईनेही पाहिलं. "बरं व्हयनं," ती म्हणाली. "त्येसना गहूमा खडाच जास्ती ऱ्हातस." सगळ्या हसल्या. तिने जात्याच्या पेटीवर कापड टाकलं आणि ते चारही बाजूंनी नीट खोचत बसली. त्याला इतका वेळ लागत नाही.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून आल्यावर मी निघालो. फुई मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. मी म्हणालो, "फुई, दुसऱ्या खेपेला छापताना ती ओळ काढून टाकू का?"

"आते कसाले विचारस?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "छापं तवय विचारं व्हतं का?"

रिक्षा आली. तिने माझ्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या आणि वळून गेली. नरडाण्यापासून जळगावपर्यंत मी तिचा तोच प्रश्न ऐकत होतो. मला शिकवलं तिने, पण तिला विचारून मी काय काय केलं, याचा विचार गाडीत केला. जळगावला जाण्याबद्दल तिने माझं मत विचारलं होतं का, हेही आठवून पाहिलं. विचारलं होतं. वडिलांशी बोलण्याच्या आदल्या दिवशी, चाळणीला जाळी ठोकता ठोकता. "जाशी का?" मी हो म्हटल्यावरच ती वडिलांशी बोलली होती.

थोड्या दिवसांनी कंपनीचा निरोप आला. पहिल्या तबकड्या संपत आल्या होत्या, दुसरी खेप काढायची होती. वेष्टनात काही दुरुस्ती आहे का? मी थांबा असं कळवलं. फोनवर हे बोलणं शक्य नव्हतं. तिचा फोन म्हणजे सगळ्या गिरणीने ऐकायचं. म्हणून मी पत्र लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेली फुई सावकाश वाचते, पण स्वतः वाचते. अक्षर मोठं काढलं.

"फुई, पाया पडतो.

डोळ्यात थेंब टाकतेस ना? धुरात काम करताना चष्मा लाव, डॉक्टरांनी दोनदा सांगितलं आहे.

हे पत्र एका कामासाठी लिहितो आहे. तबकडी पुन्हा छापायची आहे. मागच्या वेळी मी तुला विचारलं नाही. मला वाटलं, चांगलंच लिहितो आहे, त्यात विचारायचं काय. तू म्हणालीस ते बरोबर आहे. गावात राहायचं तुला आहे, मला नाही. ती ओळ मी जळगावात बसून लिहिली आणि तिचं जे काही झालं ते तुझ्या दारात झालं.

काढून टाकावी असं मला एकदा वाटलं. मग वाटलं, काढली तर ती सुरतेची बाई म्हणेल, बघा, काहीतरी होतं म्हणूनच काढली. ठेवावी तर ती दोन घरं पुढच्या वर्षीही नरडाण्याला जातील. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि मला ठरवता आलं नाही. हे मी ठरवायचंच नाही, एवढं समजलं.

म्हणून सोबत दोन कागद पाठवतो. दोन्ही वेष्टनाच्या मागच्या बाजूचे आहेत. एकावर ती ओळ आहे, दुसऱ्यावर नाही. तुला हवा तो कागद सोबतच्या पाकिटात घाल. पत्ता लिहून, तिकीट लावून ठेवलं आहे. तिसरं काही सुचलं तर पेनाने त्यावरच लिही. शुद्धलेखनाची काळजी करू नकोस. तू लिहिशील तसंच छापायला लावीन. कुणाला वाचून दाखवायचं असेल तर दाखव, नसेल तर नको.

घाई नाही. कानबाईनंतर गिरणीला काम कमी असतं, तेव्हा सवडीने बघ. मी बंगळूरला कळवलं आहे की फुईचा कागद येईपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही. ते म्हणाले, थांबतो.

तुझा भतिजा"